प्लॅस्टरचा तळ

नवऱ्याचा पाय गाडीच्या तळातून थेट खाली अंगणातल्या फरशीवर गेला, तेव्हा आधी मी हसले. खोटं कशाला बोलू? माणूस पुढच्या सीटवर बसलेला, एक पाय गाडीत, दुसरा गाडीखाली, आणि चेहरा असा की कुणीतरी खालून पाय धरून ओढलाय. "हसतेस काय, काढ मला!" म्हणून तो ओरडला तेव्हा कुठे मी धावले. पाय निघाला तो पोटरीपर्यंत पांढरा. गंजलेल्या पत्र्यातून पाय गेला तर तो लाल-तपकिरी व्हायला हवा. हा पांढरा होता, आणि त्या पांढऱ्याला काथ्याचे तंतू चिकटलेले होते.

काथ्या बघितला आणि माझं हसणं थांबलं.

माझं माहेर पेणचं, घरचा गणपतींचा कारखाना. नारळाच्या सोडणाचा हा काथ्या प्लॅस्टरच्या पाण्यात भिजवून साच्यात आतून थापतात, म्हणजे मूर्तीच्या अंगात जोर येतो. आमच्याकडच्या पोरांना मुळाक्षरांच्या आधी काथ्या पिंजता येतो. दोन दिवसांपूर्वी मी पाइप लावून गाडी आतून-बाहेरून धुतली होती, आणि शेजारीण म्हणालीही होती, "ताई, तुमच्या गाडीखालून दूध गळतंय." मी म्हटलं, साबणाचं पाणी असेल. साबणाचं पाणी कसलं, माझ्या गाडीचा तळ विरघळून वाहत होता.

गाडी बाबांची. मुंबईत त्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावायच्या ना, त्याच जातीची, पण घरगुती वापराची, राखाडी रंगाची. बाबांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होते. त्या गाडीतून आमच्याकडे काय आलं-गेलं नाही ते विचारा: प्लॅस्टरची पोती, रंगांचे डबे, भिजलेल्या ताडपत्र्या, आणि मोसमात मागच्या सीटवर मांडीला मांडी लावून बसवलेले छोटे गणपती. खाडीकडच्या मिठागरांच्या वाटेवर बाबांनी मला तीच गाडी चालवायला शिकवली. दादाला गाडीचा कधी शौक नव्हता. बाबा सगळ्यांसमोर म्हणायचे, "ही गाडी हिची." मी लग्न होऊन रोह्याजवळ वरसे गावी आले, तरी माहेरी गेले की पहिली किल्ली मागायची.

आता सहीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलंय. दादाला कारखाना वाढवायचा होता, त्यासाठी कागद त्याच्या एकट्याच्या नावावर हवे होते. आमच्याकडे अशा वेळी बहिणीने हक्क सोडायचा असतो. तसं कुणी जबरदस्तीने सांगत नाही. फक्त सगळे असं गृहीत धरून चहा पीत बसतात की तिने सोडलाच आहे. मीही सोडला. कागदावर लिहिलेलं असतं की काहीही मोबदला न घेता, स्वखुशीने, भावावरच्या प्रेमापोटी. खरंच प्रेमापोटीच केली होती मी सही. ती झाल्यावर कचेरीच्या पायरीवर बाबांनी माझ्या हातात गाडीची किल्ली ठेवली आणि चार नातेवाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरीला रिकाम्या हाताने नाय धाडायचो मी." मी तिथेच रडले. कारखान्याचं, घराचं काही वाटलं नाही मला. बापाला माझी आठवण होती, एवढ्यावर मी खूश होते.

आणि त्या किल्लीच्या गाडीचा तळ प्लॅस्टरचा निघाला.

मी क्षणभरही विचार केला नाही. हे काम दादाचं. दुसरं कोण करणार? बहिणीला द्यायची वस्तू म्हणून वरून रंग मारून दिली, आतून कुजकी. वरून कीर्तन आणि आतून तमाशा. त्या गाडीत मागच्या सीटवर माझी लेक बसून महाडपर्यंत जाऊन आली होती, हे आठवलं आणि माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पेण गाठलं. रेल्वेने एरवी तासाभराचा रस्ता, पण त्या दिवशी कासूला गाडी क्रॉसिंगला थांबली आणि मी डब्यातल्या डब्यात दादाला जे जे बोलायचं ते सगळं तीनदा पाठ करून घेतलं.

कारखान्यात मोसम सुरू झालेला. आठ-दहा कारागीर, कुणी घासतोय, कुणी रंग फवारतोय. बाबा नेहमीच्या कोपऱ्यात पाटावर बसून मूर्तींच्या हातांचे साचे साफ करत होते. ऐंशीच्या पुढचं वय, पण बसल्या जागी हात थांबत नाहीत. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"दादा, लाज नाय वाटली तुला? सख्ख्या बहिणीला प्लॅस्टरची गाडी दिलीस?"

दादाच्या हातात ब्रश होता, तो तसाच राहिला. "कसलं प्लॅस्टर?"

"तळाला! पत्र्याच्या जागी प्लॅस्टर आणि काथ्या थापलाय! ह्यांचा पाय गेला त्यातून. रस्त्यात पोरीचा गेला असता तर?"

"मी त्या डबड्याला हातही लावला नाय."

"मग काय गणपतीने लावलं?"

कारागिरांनी माना खाली घातल्या, पण हात सगळ्यांचे थांबलेले. दादा चिडला. तो चिडला की फार बोलत नाही. "पुरावा आण," म्हणाला. "बाप दाखव नायतर श्राद्ध कर. उगाच माणसांसमोर चोर ठरवू नको मला." मी अजून चार शब्द ऐकवले, त्यातले दोन तर मला इथे लिहिताही यायचे नाहीत. वहिनी पाणी घेऊन आली, ते मी घेतलं नाही. बाबा साचा उलटा करून टकटक करून त्यातली भुकटी झाडत राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याला मुलीचं दुःख बघवत नाही. ही माझी अक्कल.

रोह्यात अष्टमी नावाच्या भागात एक जुने मिस्त्री आहेत, पत्र्याचं काम करतात. ड्रायव्हरच्या बाजूचा पत्रा अजून शाबूत होता, म्हणून मीच हळूहळू गाडी चालवत नेली, शेजारची सीट रिकामी ठेवून. मिस्त्रींनी सीटा काढल्या, खालचा गालिचा काढला, आणि कंबरेवर हात ठेवून बघतच राहिले. मग हाक मारली, "ताई, इकडं या. हे बघा."

धुतलेल्या जागेपलीकडे तळ कोरडा, धडधाकट दिसत होता. राखाडी रंग. कंपनीच्या पत्र्याला ताकद यावी म्हणून उंच-सखल पट्ट्या दाबलेल्या असतात, त्याही होत्या. एकसारख्या, सरळ, शेवटाला गोलाई घेतलेल्या. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"पट्ट्यासुद्धा कोरल्यात," मिस्त्री म्हणाले. "चाळीस वर्षं झाली मला या कामात. लोक एम-सील भरतात, डांबर फासतात, एकाने तर सिमेंट ओतलं होतं. पन असं काम नाय बघितलं. ताई, हा पत्रा नाय, मूर्तीच हाय ही."

त्यांना कौतुक वाटत होतं, आणि मी मनात दादाला आणखी चार शब्द ऐकवत होते.

गंज कसा लागला ते त्यांनी मला दाखवलं, आणि तेही माझ्या घरच्यांचंच कर्तृत्व निघालं. पुढच्या काचेचं रबर कधीचं तडकलेलं, तिथून पाणी आत झिरपायचं. ते निघून जावं म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात, ती बाबांनी वर्षानुवर्षं सांडलेल्या प्लॅस्टरच्या भुकटीने बुजलेली. त्यावर अंथरलेला काथ्याचाच पायपुसण्यासारखा जाड गालिचा, तो सदा ओला. आणि खालून मिठागरांच्या वाटेवरचा खारा चिखल, जो कुणी कधी धुतला नाही. वरून ओल, खालून मीठ, मध्ये बिचारा पत्रा. तेव्हा नुसता तो गालिचा काढून उन्हात टाकला असता आणि भोकांत एक काडी फिरवली असती, तरी ही वेळ आली नसती. एवढं सोपं होतं ते.

"झाकलेला गंज दुप्पट खातो," मिस्त्री म्हणाले. "त्यात प्लॅस्टर पानी धरून ठेवतं. गंज दिसला की कापायचा. जिथं चांगला पत्रा लागंल तिथपर्यंत कापत जायचं, दया नाय दाखवायची."

मी म्हटलं, कापा.

त्यांनी छिन्नी लावली आणि प्लॅस्टरचे खपले निघू लागले. परातीएवढे मोठे, जाळीसकट. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घातली होती आत, दुहेरी. मिस्त्रींनी एक मोठा तुकडा उचलून बाजूला उलटा टाकला. त्याची खालची बाजू वर आली, आणि मी खाली बसले.

आमच्या घराबाहेर कुणी गणपती आतून बघत नाही. समोरून सोंड, डोळे, शेल्याची किनार बघतात. पण मूर्ती पोकळ असते, आणि आत काथ्या दाबल्याचे ठसे तसेच राहतात. मी त्या ठशांमध्ये वाढले. दादा काथ्या दाबायला ब्रश वापरतो, आत नुसते फराटे उठतात. बाबा अंगठ्याने दाबतात. ओळीने, एकाला एक लागून, खवल्यांसारखे. आणि तरुणपणी पत्र्याने कापलेलं त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे, ते पुढे कधी जुळलं नाही. त्यामुळे प्रत्येक ठशात एक बारीक उभी रेघ येते.

त्या तुकड्यावर अंगठ्याच्या ओळी होत्या, आणि प्रत्येक ठशात रेघ.

मी दुसरा तुकडा उलटा केला. तिसरा केला. मिस्त्री म्हणाले, "काय शोधताय ताई?" मी म्हटलं, "काय नाय." सगळ्या तुकड्यांवर तोच अंगठा. गाडीखाली पाठीवर झोपून, या वयात, माझ्या बापाने हे थापलं होतं. कुणाला कळू न देता, पट्ट्या कोरून, रंग जुळवून. एवढी मेहनत त्यांनी माझ्या लग्नातही घेतली नव्हती. आणि मी सगळ्या कारागिरांसमोर दादाला चोर ठरवत होते, तेव्हा हाच माणूस कोपऱ्यात बसून साचा झाडत होता.

पेणला परत गेले ती दुपारी, दादा बँकेत गेलेला असताना. बाबा ओसरीवर एकटेच होते. मला बघून चेहरा खुलला त्यांचा.

"आलीस गो? जेवलीस का?"

"बाबा, गाडीला प्लॅस्टर तुम्ही लावलंत."

ते नाही म्हणतील असं मला वाटत होतं. खरं सांगते, नाही म्हणाले असते तर मी मानलंही असतं. पण त्यांनी सरळ मान हलवली.

"मग? पत्रा उरला होता कुठं?"

"माझी पोरगी बसते त्यात, बाबा."

"जाळी घातली होती की. दुहेरी. पानी मारलंस म्हनून गेलं ते. कोरडं ठेवलं असतंस तर दहा वरसं हललं नसतं."

म्हणजे चूक माझीच. मी गाडी धुतली ही माझी चूक.

"मी दादाला नाही नाही ते बोलले. तेव्हा गप्प का बसलात?"

"माणसांसमोर काय बोलू? ह्या वयात कारागिरांनी माझ्या तोंडाकडं बघायचं? तो पोरगा हाय, ऐकून घेतो."

"मला आधी सांगायचं होतं. गाडी कुजलीय, देत नाही, म्हणायचं. मी गाडीसाठी सही केली नव्हती. काही दिलं नसतंत तरी केली असती."

"ते माहीत हाय मला."

"मग हे कशाला?"

बाबांनी पाय जवळ घेतले, लुंगी सारखी केली. "लोक बघतात गो. पोरीने सही दिली आनि बापाने रिकामी धाडली, असं झालं असतं. कायतरी द्यायला पायजे होतं. माझ्या नावावर दुसरं उरलं होतं काय?"

"दादाला द्यायची गाडी. आणि मला... मला एखादा तुमच्या हातचा गणपती दिला असतात."

"त्याला?" बाबा चक्क हसले. "तो भेंडीसुद्धा मोडून बघितल्याशिवाय घेत नाय. गाडीखाली पयला शिरला असता. तू नाय बघायचीस. लहानपनापासून बघतोय मी तुला. माझ्या हातनं घेतलेली वस्तू तू कधी उलटी करून बघितली नायस." मग हात लांब करून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "गुनाची पोर ती माझी."

ते हे कौतुकाने म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, लबाडीही नव्हती. मनापासून कौतुक होतं. तो हात मी झटकायला हवा होता. झटकला नाही. बराच वेळ तसाच राहू दिला, आणि मनात जळत होते.

दादाला मी फोन करून माफी मागितली. कारण सांगितलं नाही, फक्त तू केलं नव्हतंस एवढं म्हटलं. तो "असू दे" म्हणाला, आणि वर, "मी तरी सांगत होतो, भंगारात दे ते." नवराही तेच म्हणत होता. पण आता मला ती गाडी उभी करायचीच होती. कुणावर उपकार म्हणून नाही. माझ्या सहीच्या बदल्यात जगाला दाखवायला जी वस्तू दिली, ती निदान खरी तरी असू दे, एवढाच हट्ट.

मग मी रोज अष्टमीला जायला लागले. मिस्त्रींनी दया न दाखवता कापलं, अगदी सीटच्या पायांपर्यंत. शेवटी खणखणीत पत्रा लागला, तेव्हा त्यांनी मला हातोडी देऊन वाजवायला लावला, आवाजातला फरक कळावा म्हणून. नवा जाड पत्रा कापला, त्यावर खऱ्या पट्ट्या दाबल्या, वेल्डिंग केलं. सांध्यांत सीलर भरला, दोन्ही बाजूंनी गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारलं, ते पूर्ण वाळेपर्यंत पुढचा हात मला लावू दिला नाही. खालून रबरासारखा काळा थर. भोकं मोकळी ठेवून त्यांना नवी बुचं. काचेचं रबर बदललं. काथ्याचा गालिचा मी माझ्या हाताने कचऱ्यात टाकला. आता मी दर पंधरवड्याला आतलं सगळं काढते, बुचं उघडते, आणि खाली चटई टाकून टॉर्च घेऊन स्वतः गाडीखाली शिरते. बायका बघतात. बघू देत.

जुन्या गाडीचं पासिंग पुन्हा करावं लागतं, आणि आरटीओचं ऑफिस पेणलाच. साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली, दार उघडलं, तळावर बुटाची टाच आपटली. एकदा, दोनदा. दोन्ही वेळा पत्रा खणकन वाजला. "चांगला ठेवलाय पत्रा," म्हणाले. "जुन्या गाड्यांचा असा नसतो." सही झाली. तिथून माहेर दहा मिनिटांवर. मी गाडी वळवली नाही, सरळ रोह्याच्या रस्त्याला लावली. बाप म्हातारा झाला म्हणून राग म्हातारा होत नाही.

नागोठण्याच्या अलीकडे फोन वाजला. गाडी बाजूला घेतली. बाबा होते. पेणात बातमी पोचायला वेळ लागत नाही.

"झालं काय गो पासिंग?"

"झालं."

"साहेब काय म्हनाले?"

"पत्रा चांगला आहे म्हणाले."

पलीकडे बाबा खूश झाले, आवाजातच कळलं. मागे कारखान्याचा गलका होता, आणि फोन तोंडापासून थोडा लांब धरून ते तिथल्या माणसांना मोठ्याने सांगत होते, "पास झाली! पयल्या फटक्यात!" मग मला म्हणाले, "बघ. म्हटलं होतं ना, बापाने चांगली वस्तू दिलीय तुला."

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. अंगठा, जाळी, दादा, लेक, सगळं. कारागीर ऐकत होते. एक वाक्य पुरे होतं.

"हो बाबा," मी म्हणाले.